चाकामागच्या अक्षता

टायरवाल्याला दिवाळी अंकात लिहायला सांगणं म्हणजे पंगतीत चपलांचा विषय काढणं, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत पडलं. मत बरोबर आहे. पण पंगतीतून उठल्यावर माणसाची पहिली नजर कुठं जाते? चपलेकडेच. ती जागेवर नसली की श्रीखंडाची चव जाते. तेव्हा लिहितो.

नाशकात हायवेला लागून माझं टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं दुकान आहे. आता ते भाचा चालवतो. मी सकाळी जातो, एक खुर्ची अडवतो आणि आलेल्या गिऱ्हाइकाला न विचारता सल्ला देतो. भाच्याच्या मते यामुळे गिऱ्हाईक घटतं. माझ्या मते गाळलं जातं.

धंद्याचं मर्म एका वाक्यात सांगता येतं. गाडी कितीही महाग असो, ती जमिनीला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. इंजिन, ब्रेक, गादीच्या सीटा, गाणी वाजवणारा पडदा, सगळं त्या चार तळहातांच्या जिवावर. लोक पडद्याची चौकशी तासभर करतात आणि टायरला जाता जाता लाथ मारून बघतात. लाथ मारल्यावर टायर काय सांगतो हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एक नवीन जमात यायला लागली, मॉडिफाय केलेल्या गाडीवाल्यांची. कंपनीनं विचार करून बनवलेली गाडी स्वतः विचार न करता बदलणं, अशी मॉडिफायची माझी व्याख्या होती. पुढं या मंडळींशी दोस्ती झाली आणि व्याख्या थोडी मवाळ करावी लागली. त्यांच्यातल्याच काही हौशी लोकांनी शहराबाहेरच्या माळावर एक छोटा डांबरी ट्रॅक केला. महिन्यातून एखाद्या रविवारी तिथं जमायचं, हेल्मेट घालायचं आणि आपापली गाडी मनसोक्त पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही, एका वेळी मोजक्या गाड्या. रस्त्यावर जो माज करायचा तो इथं करा आणि घरी शहाण्यासारखे जा, असा एकूण हेतू. चाकं आणि टायर तपासायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं, आणि मला ते मनापासून आवडलं. माझ्या सहीशिवाय एकही गाडी आत सुटत नसे. एवढा अधिकार मला घरात कधी मिळाला नव्हता.

रस्ता आणि ट्रॅक यांत फरक काय? रस्त्यावर आपण जीव खाऊन ब्रेक दाबतो तो महिन्यातून एकदा, कुत्रं आडवं आलं तर. ट्रॅकवर तोच ब्रेक प्रत्येक फेरीला सात-आठ वेळा, आणि लगेच वळण. सगळं वजन एका बाजूच्या पुढच्या चाकावर कलतं. रस्त्यावर जी चूक दहा वर्षं झोपून राहते, ती ट्रॅकवर दहा मिनिटांत जागी होते.

येवल्याचे एक शेठ होते, साड्यांचे व्यापारी. पहिल्यांदा आले तेव्हा गाडीला कुठून तरी 'नव्यासारखे' टायर घालून आले होते. नक्षी खोल, काळी कुळकुळीत, वरून पॉलिशही मारलेलं. मी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. तो कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते त्यात असतं. मी म्हटलं, "शेठ, हा टायर तुमच्या पोराबरोबर शाळेत जायच्या वयाचा आहे."

"अण्णा, नक्षी तर बघा ना."

"तुम्ही पैठणी नुसती नक्षी बघून घेता?"

"छे! हाताला पोत बघतो आधी."

"मग याचा बघा."

शेठनी अंगठ्याचं नख रुतवून बघितलं. रुतेना. टायर वाकवल्यावर खाचांच्या तळाशी शिळ्या भाकरीसारख्या बारीक भेगा दिसल्या. रबर वापरल्यानं झिजतं तसं नुसतं पडून राहिल्यानंही म्हातारं होतं, आणि म्हातारं रबर डांबराला धरत नाही. शेठ त्या दिवशी गाडी न पळवता वडापाव खाऊन परत गेले. पुढच्या महिन्यात नवे टायर घालून आले, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या टायरला नख लावत फिरतात. मला एक फुकटचा सहायक मिळाला.

दुसरं दुखणं हवेचं. सकाळी मी गार टायरमध्ये मापून हवा भरून द्यायचो. पंधरा मिनिटं पळून गाडी आली की मालक घाईघाईनं हवा मोजायचं गेज लावायचे आणि ओरडत यायचे, "अण्णा, तुम्ही जास्त भरली!" अरे बाबा, मी नाही भरली. टायर तापला, आतली हवा तापली, ती फुगणारच. म्हणून ट्रॅकसाठी सुरुवात थोडी कमी ठेवून करायची आणि तापल्यावर पुन्हा मोजायची. एका डॉक्टरांना हे चार वेळा समजावलं. पाचव्या वेळी मी म्हटलं, "डॉक्टर, ताप बघायचा असेल तर पेशंट पळून आल्यावर लगेच बघता का?" तेव्हा पटलं.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चाकाचे नट. इथं माझी खरी मिजास होती.

नट आवळायला टॉर्क पाना नावाचं एक लांब दांड्याचं हत्यार असतं. गाडीच्या पुस्तकात नट किती ताकदीनं आवळायचा याचा आकडा दिलेला असतो. तो आकडा पान्यावर लावायचा आणि सावकाश ओढायचं. नेमकी तेवढी ताकद पडली की पाना हातात 'कट्ट' करतो. थांबायचं. कमी आवळला तर नट सुटतो, जास्त आवळला तर तो ज्यावर बसतो तो बोल्ट ताणला जाऊन पुढं कधीतरी तुटतो. बऱ्याच ठिकाणी हवेची बंदूक लावून घर्रर्र करतात आणि वर पान्यावर उभं राहून उडी मारतात. माझ्या दुकानात उडी मारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम नसायचं. मी आवळलेलं चाक आजवर सुटलेलं नाही, हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी म्हणत असे. घरचे कंटाळले होते.

ट्रॅकवरचा एक नियम मात्र सगळ्यांना सारखा होता. पहिली खेप, म्हणजे पंधरा मिनिटांच्या फेऱ्या, पळून गाडी परत आली की जरा गार होऊ द्यायची आणि सगळे नट पुन्हा पान्यानं तपासायचे. तापण्या-निवण्यात, धक्क्यांत चाक आपल्या जागेवर आणखी बसतं, मग नट ढिला पडू शकतो. सकाळी माईकवरून हा नियम मीच सांगायचो. फक्त हळूहळू असं झालं, की ज्या गाड्यांची चाकं मी स्वतः दुकानात आवळलेली असत, त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा जाईनासा झालो. दुसऱ्याचं तपासायचं, आपलं काय तपासायचं? पाना एकदा वाजला म्हणजे वाजला.

अशातच प्रिया देवरे आली. मूळची देवळ्याची, घरी कांद्याची शेती. सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात इंजिनिअर. दिवसभर पार्ट मोजायचे आणि नापास करायचे हा तिचा पेशा. एक छोटी जुनी हॅचबॅक घेऊन तिनं ती स्वतः शिकून शिकून मॉडिफाय केली होती. माझ्या व्याख्येला सुरुंग लावला तो हिनंच. काय बदललं, का बदललं, हे तिला प्रत्येक बाबतीत सांगता यायचं. चालवायचीही सुरेख.

एक दिवस दुकानात पदर खोचलेल्या एक बाई आल्या. एसटीनं थेट देवळ्याहून.

"तुम्हीच का ते टायरवाले भाऊ? मी प्रियाची आई."

मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"पोरगी म्हने गाडी गोल गोल पळवती. मी मोबाइलवर पाह्यलं. कुठं जायचं बी नसतं म्हने."

"नाही ताई, कुठं जायचं नसतं."

"मंग येवढ्या जोरात कशाला?"

मी हेल्मेटचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, समोरून ट्रक येत नाही, गुरं येत नाहीत, रुग्णवाहिका उभी असते, असं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते समदं ठीक. पन चाक निघालं तर?"

"चाकाची जबाबदारी माझी, ताई. मी आवळलेलं चाक आजवर सुटलेलं नाही."

त्या म्हणाल्या, "तिच्या बापानं मोडता घातला व्हता. मीच म्हनलं, बघून येते. तुमच्या भरवशावर सोडते मंग पोरीला." आणि मगच त्या बसल्या, चहा घेतला.

त्यांची एकच अट होती. प्रियानं नवी अलॉय चाकं मागवली होती, ती घालण्याआधी पूजा करायची. मला कसली अडचण? खंडेनवमी तोंडावर होती. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. पाने, जॅक, गेज सगळं धुऊन-पुसून चादरीवर मांडायचं, बॅलन्सिंगच्या मशीनला झेंडूची माळ घालायची, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. प्रियाची चारही चाकं आदल्या दिवशीच टायर चढवून, बॅलन्स करून भिंतीला टेकवून ठेवली होती. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का ते मशीनवर फिरवून बघणं, आमच्या सलीमभाईंचं. वीस वर्षं ते मशीन त्यांच्याच हाताखाली आहे, दुसऱ्या कुणाला ते जवळ फिरकू देत नाहीत.

देवरेताई पूजेचं ताट घेऊन आल्या. ओल्या कुंकवात बोट बुडवलं, तोच प्रिया ओरडली, "आई, समोर नको ना! नवा रंग आहे, डाग पडेल."

चाकं सुंदर होती, राखाडी रंगाची, हात लावला तरी ठसा उमटावा अशी. पण ताईंचं तोंड उतरलं. इतक्या लांबून आलेली बाई, बोट कुंकवात, आणि लेक म्हणते नको. तडजोड करण्यात मी स्वतःला फार हुशार समजतो. मी म्हटलं, "ताई, मागच्या बाजूला लावा. देवाला काय, पुढचं-मागचं सारखंच. आणि तिकडं कुणाला दिसतही नाही."

मायलेकी दोघी खूश. ताईंनी प्रत्येक चाकाच्या मागच्या बाजूला, मधोमध जो सपाट भाग असतो तिथं, कुंकवाची बोटं ओढली आणि वर चिमूट चिमूट अक्षता अंगठ्यानं दाबून बसवल्या. मन लावून. सलीमभाईंनी पेढा वाटला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी स्वतः चाकं चढवली. गाडीचा हब, म्हणजे ज्यावर चाक बसतं ती लोखंडी तबकडी, तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केली. चाक काय, नवंकोरं, खोक्यातून निघालेलं, ते काय घासायचं? कुंकू दिसत होतं. कालच्या पूजेचं कुंकू आज पुसायला हात धजला नाही. फडक्यानं वरवर झटकलं, दोन-चार दाणे खाली पडले, म्हटलं झालं. पाना लावला. कट्ट, कट्ट, कट्ट, कट्ट.

त्याच रविवारी ट्रॅक होता. ताई डबा घेऊन आल्या होत्या. मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत, दोरीला अगदी खेटून बसल्या. प्रियाची पहिली खेप छान झाली. गाडी परत आली, काच खाली झाली.

"अण्णा, स्टिअरिंगला बारीक थरथर आहे. सरळ जाताना नाही. जोरात ब्रेक मारून उजवीकडं वळलं की."

मी सलीमभाईंकडे बघितलं. "बॅलन्सिंग."

"बॅलन्सिंग? मेरा?" सलीमभाई छातीवर हात ठेवून म्हणाले. "अण्णा, दोन्ही बाजूला झीरो होता. झीरो! तुमचं टायटनिंग बघा."

"माझं टायटनिंग?"

"मग काय, माझं?"

भर उन्हात दोन म्हातारे आपापल्या अब्रूसाठी पाच मिनिटं भांडलो. शेवटी तिसऱ्यावर ढकलण्यात एकमत झालं. तापलेला टायर ट्रॅकवरचे खडे आणि रबराचे तुकडे चिकटवून घेतो, त्यानं थरथर येते. हे खोटं नाही, खरंच येते. दोघांचीही अब्रू राहिली. मी प्रियाला म्हटलं, "खडे चिकटलेत. दुसऱ्या खेपेत अर्ध्या फेरीत निघून जातील. हो पुढं."

तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला. तेवढ्यात दोरीखालून वाकून देवरेताई आत आल्या.

"भाऊ, एक इचारू?"

"विचारा ना."

"सकाळपासून बघते मी. जी गाडी येती तिच्या चाकाला तुम्ही ते कट्टकट्ट करता. लाल आली, केलं. ती पांढरी आली, केलं. येवल्याच्या शेठची बी केली. आमची आली तर तुम्ही दोघं भांडत बसले. आमची वायली हाय का?"

"ताई, तुमची चाकं मी स्वतः आवळलीत, दुकानात."

"मंग?"

"मग पुन्हा बघायची गरज नाही."

"कोन म्हनतं?"

"मी म्हणतो."

"म्हंजे तुम्हीच आवळलं, आन् तुम्हीच म्हनता बरोबर हाय."

हेल्मेटमधून प्रियाचं हसू ऐकू आलं. "अण्णा, आमच्या कारखान्यात हे चालत नाही. ज्यानं बनवलं त्यानंच पास करायचं नसतं."

खरं सांगतो, मला राग आला. चारचौघांत, माझ्याच ट्रॅकवर, माझ्या पान्यावर शंका! पण बाईमाणूस, लांबून आलेली, तिचं समाधान करावं म्हणून मी तोंड वाकडं करून पाना उचलला. पुढच्या डाव्या चाकाशी बसलो. उजव्या वळणावर सगळा भार याच चाकावर येतो. पहिल्या नटाला पाना लावला आणि हात जेमतेम हलवला, कारण तो लगेच वाजणार हे मला ठाऊक होतं.

वाजला नाही. फिरला. पाव फेरा सरळ फिरला, मग आणखी थोडा, आणि मग कट्ट.

मी पाना दोन्ही हातांनी धरला. दुसरा नट. तोही फिरला. तिसरा. चौथा तर जवळजवळ अर्धा फेरा. मी वर बघितलं तर सलीमभाई जॅक आणायला निघाले होते. "प्रिया, इंजिन बंद कर," मी म्हटलं. "उतर खाली."

जॅक लावला, चाक काढलं आणि उलटं केलं. आतला सपाट भाग लाल झाला होता. कुंकवात भिजून वाळलेल्या अक्षता तिथं चिकटून राहिल्या होत्या आणि दाबानं चिरडून त्यांचं पीठ झालं होतं. एका जागी अर्धा दाणा अजून शाबूत होता.

"अण्णा," सलीमभाई हळूच म्हणाले, "ये तो चावल है."

आता यातली गोम सांगतो. लोकांना वाटतं चाकाचा भार नट पेलतात. तसं नसतं. चाकाचा मागचा सपाट भाग आणि हबचा सपाट भाग एकमेकांना बिलगलेले असतात, आणि त्या दोन अंगांचं घट्ट बिलगणंच सगळा भार पेलतं. नट फक्त त्यांना दाबून धरतात. मध्ये केस नको, चिखल नको, गंज नको. आणि मी त्याच जागी चिमूटभर तांदूळ कोंबले होते. पाना खोटं बोलला नव्हता. त्यानं सांगितलं, आवळलं गेलं. पण तो आवळत होता तांदळाला. पंधरा मिनिटांच्या धक्क्यांत दाणे चिरडले, मध्ये फट पडली आणि नटांची पकड गेली. ती थरथर खड्यांची नव्हती. चाक आपल्या जागेवर हलत होतं. दुसऱ्या खेपेत प्रिया ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यावरून पूर्ण वेगात येऊन उजवं वळण घेणार होती. त्यापुढचं मी आजही मनात पूर्ण करत नाही.

आमच्या दुकानात आता खंडेनवमीला कुंकू लागतं ते टायरच्या रबरावर, बाहेरून, आणि चाक नवं असलं तरी मागून घासल्याशिवाय चढत नाही. पण तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो आणि भोवती दहा-पंधरा माणसं जमली होती. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, पूजेनंच घात केला की!" दोघं-तिघं हसले.

देवरेताईंनी ते ऐकलं. लाल डाग बघितला. त्यांचा हात तोंडावर गेला. "मी लावलं ना ते," त्या म्हणाल्या, आणि मग घरची अहिराणी बोली बाहेर आली. "मनी पोर शे ती. मीच लावं ना ते?"

एक क्षण असा होता, की मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. दोष बाईच्या पूजेवर गेला होता, लोकांना पटला होता, माझं 'आजवर सुटलेलं नाही' शाबूत राहिलं असतं. तसा विचार माझ्या मनात आला हे कबूल करायला मला लाज वाटते, पण आला होता. मग मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"ताई, तुम्ही समोरच लावणार होता. मागं लावा, असं मी म्हणालो. चाक तिथंच टेकतं हे तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. पुसलं नाही ते मी. आणि सगळ्यांची तपासली, तुमची तपासली नाही, तेही मीच. पूजेचा काही दोष नाही. तुम्ही विचारलं म्हणून आत्ता ही गाडी इथं उभी आहे."

ताईंनी डोळे पुसले. मला वाटलं आता रडतील, नाहीतर लेकीला हाताला धरून एसटी स्टँडचा रस्ता धरतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी सांजच्याला देवाजवळ दिवा लावते ना, तर सैपाक करता करता दोनदा येऊन बघते. तेवतोय का इझला. माझ्याच हातानं लावलेला असतो, तरी बघते. तुम्ही एकदा आवळलं की वळून बघत नाय व्हय?"

आयुष्यात मी बोलणी पुष्कळ खाल्ली आहेत. एवढ्या हळू आवाजात इतकं खोल लागलेलं दुसरं बोलणं आठवत नाही.

चारही चाकं काढली. सलीमभाई आणि मी, भांडण विसरून, मांडी ठोकून बसलो आणि तारेच्या ब्रशनं एकेक दाणा खरवडला. बाकीच्या तीन चाकांतही होते, कमी होते. प्रियानं स्वतः एकेक बोल्ट बघितला, ताणलाय का, आटे खराब झालेत का. चाकाची भोकं लांबट झाली नाहीत ना, ते खिशातलं माप लावून मोजलं. अशी पोरगी बरोबर असावी. सगळं शाबूत होतं. नशीब, दुसरं काय.

"अण्णा, जाऊ का?" तिनं विचारलं.

"मला नको विचारू," मी म्हटलं. "त्यांना विचार."

ताईंनी गाडीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. बाप घरी काय म्हणेल हेही डोक्यात असणार. मग माझ्या हाताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे मला शिकवा."

मी शिकवलं. दांडा टोकाला धरायचा. झटका नाही, सावकाश ओढायचं. एक नट झाला की त्याच्या समोरचा, शेजारचा नाही. वाजला की थांबायचं, हौसेनं आणखी ओढायचं नाही. आयुष्यभर शेतात राबलेले हात ते, पहिल्याच नटाला पाना असा वाजला की सलीमभाई "वाह!" म्हणाले. चार चाकं, सोळा नट. प्रत्येक नटाला ताई मोठ्यानं म्हणत, "वाजला." बाकीचे गाडीवाले आपली खेप सोडून बघत उभे राहिले. येवल्याच्या शेठनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तर ताईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

"जाय आता," त्या प्रियाला म्हणाल्या. "दोन चकरा हळू. मंग परत ये. मी हितंच हाय."

प्रिया गेली. हळू गेली. दोन फेऱ्यांनी परत आली. काच खाली करून हसत म्हणाली, "काही थरथर नाही." गाडी पुरती थांबायच्या आत ताई पाना घेऊन चाकाशी हजर. मला हात धरून थांबवावं लागलं, "ताई, तापलंय, जरा निवू द्या." त्या पाना मांडीवर घेऊन तिथंच जमिनीवर बसून राहिल्या. कुणी पाणी दिलं तर घेतलं नाही.

मग उठल्या आणि पुन्हा सोळाच्या सोळा नटांना पाना लावला. एकही हलला नाही. हात लावला की कट्ट, जागच्या जागी. शेवटचा वाजला तसा त्यांनी पदरानं पान्याचा दांडा पुसला आणि तो माझ्यापुढं धरला.

मला वाटलं, शिकवणी संपली, हत्यार परत करतायत. मी हात पुढं केला, पण त्यांनी दांडा लगेच सोडला नाही.

"आजून एक खेप हाय ना तिची?"

"आहे, ताई."

"त्या खेपेनंतर तुम्ही वाजवा," त्या म्हणाल्या. "मी बघत हाय."